पाण्यात घातलेल्या कुड्या

गुरुवार, १७ नोव्हेंबर १९७७

चकाकली! अंगठी अशी चकाकली की मीच दोनदा पाहिली. साखरपुड्यातली माझी, एका हिऱ्याची. चार वर्षांची कणीक, खोबरेल, हळद, सगळं त्या हिऱ्याच्या पोटाखाली जाऊन बसलं होतं. मासिकातल्या ‘घरच्या घरी’ सदरात दिलं होतं तसंच केलं. कोमट पाणी, साबणाचा चुरा, चिमूटभर धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत. मग बाळाच्या मऊ ब्रशनं खालून हलक्या हातानं. सगळं वाटीत करायचं, मोरीजवळ नाही! शेवटी ते पाणीसुद्धा चहाच्या गाळणीतून ओतलं, न जाणो हिरा निसटला असेल तर.

हे जेवताना म्हणाले, “नवी घेतलीस काय?” मी नुसती हसले. हिऱ्यावर ‘हाः’ केलं की खऱ्याची वाफ लगेच जाते, तेही करून दाखवलं. भाव खाल्ला, खरंच सांगते.

काशीवन्संचं लग्न चार तारखेला. आईंनी कपाटातून कुड्या काढल्या. आजेसासरे मुंबईच्या तबेल्यांना गवत घालायचे, त्या बरकतीच्या दिवसांतल्या. कुडीला सात-सात हिरे, फुलासारखे. मांडवात घरची मोठी बाई घालते. पण मळल्या होत्या. मी म्हटलं, “मी करून देते, आई.” आई घुटमळल्या. म्हणाल्या, “ठमाबायला इचारून कर.” मग हळूच, “ह्या लग्नानंतर तुज्याच कानात जायच्यात त्या.”

माझ्या कानात! आत्ता ही डायरी (सूतवाल्यानं आमच्या कापडाच्या लूमला भेट दिलेली, सगळी कोरी पडून होती) मांडीवर घेऊन बसलेय आणि सारखा हात कानाला जातोय.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

देवा, काय करून बसले मी.

नीट लिहिते. आज लूम बंद, त्यामुळे घर शांत. ठमाबाई, आमची जुनी कामवाली, भांडी करत होती. विचारायचं म्हणून विचारलं. आईंनी सांगितलं होतं ना! ती हात पुसत उठली. “सूनबाय, त्याना पानी लावू नका. कोरड्या मलमलीनं पुसायच्या. पानी लागलं का त्या रुसतान.”

रुसतात म्हणे! मला हसू आलं. मी अकरावी पास. ही अंगठ्यावर सही करणारी. हिरा म्हणजे जगातली सगळ्यात टणक वस्तू, त्याला पाण्याचं काय भय? “बरं बरं,” म्हटलं आणि ती मागच्या अंगणात गेल्याबरोबर वाटी भरली. वर शहाणपणा असा की अंगठी एवढीशी, तिला अर्धा तास. कुड्या जुन्या, जास्त मळलेल्या, त्यांना दोन तास.

दोन तासांनी काढल्या तर एका कुडीतले तीन खडे राखाडी. एक काळाठिक्कर. दुसरीत मधला हिरा गढूळ, आत पाणी हललंय असा. मी ब्रश घेतला, घासलं. जोरात घासलं. आणखी काळे! कुड्या उलटून पाहिल्या तर पाठ सोन्यानं बंद. अंगठीसारखी खालून उघडी नाही. हे मी आधी पाहिलंसुद्धा नव्हतं!

ठमाबाई आत आली. माझं तोंड पाहिलं, वाटी पाहिली. कमरेचं मलमलीचं फडकं काढलं, कुड्या माझ्या हातातून घेतल्या आणि एकेक खडा टिपायला लागली, तापलेल्या पोराचं कपाळ टिपावं तशी.

आणि तेव्हाच आई दारात.

“कोनी केलं ह्ये?”

वाटी माझ्याजवळ होती. मी ती पदराआड घेतली. आणि म्हटलं, “ठमाबाईंनी पुसायला घेतल्या होत्या.”

असंच म्हटलं. अडखळलेसुद्धा नाही.

ठमाबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आईंकडे बघत राहिली. मी वाट बघत होते की आता बोलेल, आता बोलेल. नाही बोलली. आईच भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, “ठमे, लग्न होयपरत तू घरीच रहा.”

तिनं फडकं घडी करून कमरेला खोचलं आणि गेली. उष्टी भांडी तशीच होती. ती मग मी घासली.

शनिवार, १९ नोव्हेंबर

आनंदीकाकी सकाळीच हजर. चुलत सासू माझ्या, गल्लीच्या टोकाला राहतात. कुड्या उजेडात धरल्या आणि निकालच दिला, “हिरं कुठलं? काचा हायेत! बदलल्यान बाईनं! लेकीचं लग्न काढलंय ना तिनं, पैका नको?”

मला म्हणायचं होतं की काकी, कालपर्यंत हेच हिरे होते, मी स्वतः—

म्हटलं नाही. चहा ठेवायला आत गेले.

रविवार, २० नोव्हेंबर

ठमाबाई आणि आई एकाच वर्षी लग्न होऊन आल्या, ती दापोड्याला, ह्या इथं. तिचा नवरा आमच्या गवताच्या गंज्या रचायचा. दोघींची बाळंतपणं मागंपुढं. काशीवन्सं तिच्या अंगावरचं दूध प्यालेल्या. हे सगळं मला कालपर्यंत ठाऊक होतं, पण ते ऐकून सोडून द्यायच्या गोष्टींपैकी होतं.

आज काशीवन्सं हळदीच्या याद्या करताना म्हणाल्या, “वहिनी, ठमामावशी नाय तर मला न्हाऊ कोन घालील?” मी म्हटलं, मी घालीन. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी दळण बघायला उठले.

सोमवार, २१ नोव्हेंबर

आईंबरोबर सोनाराकडे. धामणकर नाक्यावरून चालत गेलो, धुळीनं डोळे भरले. राघोशेठ म्हातारे झालेत, डोळ्याला भिंग लावून कुड्या उलटसुलट बघत राहिले. मी मनात म्हणत होते, काचा निघू देत! खरंच असं म्हणत होते! काचा निघाल्या तर पाण्यानं काही झालंच नाही, चोरीच झाली, आणि मी सुटले. इतकी नीच मी कधी झाले?

राघोशेठ म्हणाले, “चौदाच्या चौदा खरे. पाणी शिरलंय.” मग मला समजावून सांगितलं. ही बंद घडण. हिऱ्याच्या खाली आरशासारखा चकचकीत पातळ पत्रा घालतात, त्याला डांक म्हणतात. हिरा उजेड देतो तो त्या डांकेच्या जिवावर. कडेनं पाणी आत गेलं की डांक काळी पडते आणि वरचा हिरा मेल्यासारखा दिसतो. “उघड्या घडणीचं खुशाल धुवा. बंद घडणीला पाणी नाही, सोडा नाही, वाफसुद्धा नाही. कोरडं मलमल. बस्स.”

म्हणजे ठमाबाई जे बोलली तेच. रुसतान.

मग कुडी फिरवून म्हणाले, “ही डांक एकदा बदललेली आहे बरं का, जानकीबाई. आमच्या तात्यांच्या हातचं काम हे. कड पुन्हा बसवल्याची खूण आहे. तेव्हाही कोणीतरी पाण्यातच घातलेल्या.”

आईंनी पदर सारखा केला. “व्हय. चोवीस वरसं झाली. तवाबी तिनंच.”

दहा दिवसांत करून देतो म्हणाले.

येताना मला हलकं वाटत होतं. का, तर तिनं एकदा केलेलं आहेच! हे वाक्य लिहिताना पेन फेकून द्यावंसं वाटतंय.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जिनं एकदा बुडवून हात पोळून घेतले ती ‘पानी लावू नका’ म्हणणारच. मग आईंनी दुसऱ्यांदा तिनंच केलं यावर विश्वास कसा ठेवला? चोवीस वर्षं दर दसऱ्याला त्या कुड्या तीच पुसतेय. आईंना हे कळत नाही?

की मला सुटायचंय म्हणून मी आता आईंकडे बोट करतेय?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं गावभर चाललीत. आमच्या अंगणात मी मंगलाष्टकं म्हटली, माझा आवाज गोड आहे म्हणतात सगळे. तोंडानं गोड, बाकी काय!

शनिवार, २६ नोव्हेंबर

लडकू लूमवर रात्रपाळीचा जॉबर, माग दुरुस्त करणारा. त्याच्या पुतण्याला ठमाबाईची तुळजा द्यायची ठरलीय, पूर्ण्याला. आज शिफ्ट सुटल्यावर तो ह्यांना भेटायला ओसरीवर आला. मी आतून ऐकत होते.

“केसरीनाथशेठ, एक इचारू? त्या बाईनं खडे बदलले ह्ये खरं हाय का? भाऊ बोलतो, चोराच्या घरची पोर नको. सुपारी परत करू बोलतो.”

हे म्हणाले, “खडे काय बदललेले नाहीत. सोनारानं तपासलेत.”

“मंग तिला काढली कशाला?”

ह्याचं उत्तर माझ्यापाशी आहे. मी दाराआड उभी होते, हातात लाटणं. एक पाऊल टाकायचं होतं. उंबरा ओलांडायचा आणि म्हणायचं की मी केलं. एवढंच! लडकू गेला. मी आत येऊन पोळ्या लाटल्या, सगळ्या वाकड्या.

तुळजा अठराची. मागच्या दिवाळीत मीच तिला माझी अबोली रंगाची साडी दिली होती. “सूनबाय, ही मी लग्नात सासरी निघताना नेसनार,” म्हणाली होती.

रविवार, २७ नोव्हेंबर

ताप आहे असं सांगून पडून राहिले. ताप नाही.

सोमवार, २८ नोव्हेंबर

सांगितलं. आईंना सांगितलं! दुपारी त्या पापड वाळत घालत होत्या गच्चीवर, तिथंच. “आई, कुड्या मी पाण्यात घातल्या. ठमाबाईंनी नको म्हटलं होतं. मी खोटं बोलले.”

मला वाटलं होतं थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. आई पापड उलटत राहिल्या. एक, दोन, तीन. मग म्हणाल्या, “ठाव हाय.”

“ठाऊक होतं?”

“वाटीला सोड्याचा वास येत व्हता.”

मी रडायलाच लागले. म्हटलं, मग तिला बोलवा, आजच बोलवा, लडकूला सांगा, त्या पोरीची सुपारी— आईंनी मला गप्प केलं. “आता काय बोलू नको. मांडव चार दिसांवर आलाय. घरची सून खोटी बोलली ह्ये काशीच्या सासरी जाऊ दे का? लग्न होऊ दे. मंग मी ठमीला लुगडं नेसवीन, तुळजाच्या लग्नाला भांडी देईन. ती काय बोलायची न्हाय. तिला सवय हाय.”

‘सवय हाय’ म्हणताना आईंनी पापड मुठीत दाबला. पापडाचे तुकडे झाले हातात.

आणि मी काय केलं? मी “बरं” म्हटलं. हुश्श वाटलं मला! सांगितल्याचं पुण्य पदरात आणि बोलायचं मात्र नाही, आज्ञाच तशी. किती सोयीचं.

गुरुवार, १ डिसेंबर

राघोशेठांकडून कुड्या आल्या. नवी डांक. खिडकीत धरल्या तर भिंतभर उजेडाचे ठिपके. काशीवन्संनी टाळ्या वाजवल्या. मला बघवेनात.

बाळ ठिपके पकडायला धावत होता. त्याला उचलून आत नेलं.

शनिवार, ३ डिसेंबर

हळद झाली. सगळं लिहिते, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मांडवात बायकाच बायका. धवलारीण सुरात लग्नाचे धवले म्हणत होती, हळद कालवलेली, काशीवन्सं पाटावर. आई शेजारी, कानात कुड्या. त्या कुड्यांकडेच आज सगळ्या बघत होत्या, आणि काकींना तर तोंड आवरेना. “बगा गो, किती चकाकतान! त्या चोरटीच्या हातात गेल्या व्हत्या. येळेवर पकडली म्हनून. वीस-पंचवीस वरसं मीठ खाल्लं हो या घरचं!”

लडकूची बायको समोरच बसलेली. तिनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघींनी नाक मुरडलं.

मी हळदीची वाटी घेऊन उभी होते. वाटीच पुन्हा! माझ्या तोंडून निघालं, “काकी, चोरटी कोण नाही. कुड्या मी पाण्यात घातल्या. खडे माझ्यामुळे काळे पडले. ठमाबाई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही, आणि आई आल्या तेव्हा तिच्यावर ढकललं. ती काही बोलली नाही. मीही नाही.”

धवला मध्येच थांबला. बाहेर गल्लीतल्या लूमची खटखट तेवढी ऐकू येत होती. काशीवन्संच्या गालावरून हळद ओघळत होती आणि कोणी पुसेना. काकी म्हणाल्या, “अगो बाय! येवडी शिकलेली!” कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी लडकूच्या बायकोकडे बघून म्हटलं, “घरी सांगा भाऊजींना. मी सांगितलं म्हणून सांगा.” तिनं मान हलवली.

आई जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही हात कानांवर, कुड्या झाकल्यासारखे.

रविवार, ४ डिसेंबर

लग्न लागलं. हे दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. काशीवन्संनी निघताना गळ्यात पडायचं टाळलं. “माजी हळद नासवलीस वहिनी,” एवढंच कानात. बरोबर आहे त्यांचं. पंगतीत बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या.

लाज वाटते. पण ही लाज दाराआडच्या लाजेपेक्षा बरी. ती नुसती आत कुजत होती.

मंगळवार, ६ डिसेंबर

दापोड्याला जाऊन आले. एकटी. ह्यांना सांगून गेले, हे म्हणाले “जा.” दोन दिवसांतला पहिला शब्द.

ठमाबाई खळ्यावर भात झोडत होती. मला बघून पेंढी खाली ठेवली, तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पाय धरायला वाकले तर झटकन मागं सरली. “पाय बिय नको. बस.”

मी सगळं बोलले, रडत, नाक पुसत. ती ऐकत होती आणि पेंढीतला एकेक दाणा नखानं सोडवत होती. सुपारी परत गेली नाही. लडकूचा भाऊ काल स्वतः येऊन गेला म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की लहान पोरासारखा हुंदका फुटला.

मी विचारलं, “तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?”

“आईंची वाट बगत व्हते.”

“आईंची? का?”

तिनं आणखी एक दाणा सोडवला. मग म्हणाली, “पयल्या टायमालाबी मी न्हवते घातल्या, बाय. तवाबी वाट बगितली व्हती.”

मी म्हटलं, “मग कोणी?”

“ते मला नको इचारू.” पेंढी उचलली. दोनदा झोडली. थांबली. “तू तरी बोललीस.”

पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाली. परत कामाला येणार का, ते मी विचारलंच नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

घरी आले. आई ओसरीवर. “काय बोलली?” मी शब्दाला शब्द सांगितलं. ‘पयल्या टायमालाबी’ म्हटलं तसा आईंनी खांब धरला. मग उठून आत गेल्या, जेवायला आल्या नाहीत.

मी विचारलं नाही काही. विचारायची गरजही नव्हती. मी फक्त सोळा वर्षांच्या नव्या नवरी आई, हातात वाटी आणि दारात उभी त्यांची सासू एवढं डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

गुरुवार, ८ डिसेंबर

सकाळी आई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. कान मोकळे. कुड्यांची डबी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, “नको आई, मला नकोत ह्या. कुठं निघालात?”

“दापोड्याला.”

मी चपला घालायला लागले तर दारात मला अडवलं. “तू नको येऊ. माजं आदीचं हाय.”

गल्लीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, काकींच्या दारासमोर. तिथूनच मोठ्यानं हाक मारली, सगळ्या खिडक्या उघडतील एवढ्या मोठ्यानं, “आनंदीबाय, भायेर ये! तुला कायतरी सांगायचं हाय!”